बंधाऱ्याचा मण कोणी भरायचा?

कोकण किनाऱ्यावरून वादळ गेले की आठवड्याभरात एक वाद सुरू होतो आणि दर वेळी तो त्याच वळणाने जातो. विरोधी बाकांवरून मदत तुटपुंजी असल्याचे सांगितले जाते, सत्तेतील मंडळी ती निकषांपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे दाखवून देतात. राज्य केंद्राकडे बोट दाखवते, केंद्र राज्याच्या खात्यात आधीच जमा असलेल्या निधीकडे. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आले तेव्हा हेच झाले. पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’ कोकणपट्टीला झोडपत गुजरातेत शिरले, पंतप्रधानांनी गुजरात आणि दीवची हवाई पाहणी करून गुजरातला 1,000 कोटी रुपयांची तातडीची मदत जाहीर केली, आणि आपल्याकडचा सगळा वाद ‘त्यांना मिळाले, आम्हाला का नाही’ या एका वाक्यात आटोपला. हा प्रश्न विचारायलाच नको होता, असे माझे म्हणणे नाही. परंतु नुकसानभरपाईचा आकडा आणि ती देणाऱ्याचे नाव या दोन गोष्टींभोवती फिरणारी चर्चा मूळ प्रश्नाला कधी भिडतच नाही. वादळ येण्याआधी कोणाच्या खिशातून, कोणाच्या नावावर आणि कोणत्या हक्काने पैसा बाजूला काढून ठेवायचा, हा तो मूळ प्रश्न आहे. माझे मत असे की, किनाऱ्याच्या रक्षणासाठी राज्याने कायद्याने कायमचा निधी उभारावा. किनाऱ्यावरून जे कमावतात त्यांच्याकडून तो गोळा व्हावा. आणि ज्यांच्याकडे सातबारा, नौकेचा परवाना, पक्के घर यांपैकी काहीच नाही त्यांच्यापर्यंत तो सर्वांत आधी पोहोचावा.

‘निसर्ग’नंतर टाळेबंदी थोडी सैल झाली तेव्हा मी श्रीवर्धन तालुक्यात माझ्या आत्याच्या सासरी गेलो होतो. दहा गुंठ्यांची वाडी. पोफळी, म्हणजे सुपारीची झाडे, मध्ये नारळ, काही पोफळींवर चढवलेले मिरवेल. त्या दिवशी वाडीत आत शिरायला वाटच नव्हती. पोफळी एकमेकींवर अशा पडल्या होत्या की एक ओढली तर दुसरी हलत होती, आणि झावळ्या कुजल्याचा आंबूस वास सगळीकडे भरून राहिला होता. पंचनाम्याला आलेले तलाठी आडव्या झाडांवर पाय देत देत मोजत होते. आत्या मागून चालत होती. ती त्यांना म्हणाली, “भाऊसाहेब, उभी आहेत तीसुद्धा मोजा. त्यांचा शेंडा पिळवटलाय. दिवाळीपर्यंत जातील ती.” तलाठ्यांनी मान वर करून पाहिले, पण कागदावर लिहिले नाही. लिहिणार तरी कोणत्या रकान्यात? पडलेल्या झाडाला रकाना होता, मरू घातलेल्या झाडाला नव्हता. आत्याचे म्हणणे मात्र खरे ठरले. त्यातली बरीच झाडे हिवाळ्यापर्यंत वाळली.

त्या पंचनाम्यामागचे अंकगणित एकदा नीट मांडले पाहिजे. तेव्हाच्या केंद्रीय निकषांत बहुवार्षिक फळबागेला हेक्टरी 18,000 रुपये होते. राज्य सरकारने ते 50,000 रुपयांवर नेले आणि मदतीची मर्यादा दोन हेक्टर ठेवली. वाढ मोठी होती आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. पण एक हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे. श्रीवर्धन, मुरूड, दिवेआगरच्या वाड्या हेक्टरांत मोजायच्या नसतात, त्या गुंठ्यांत असतात. दहा गुंठ्यांच्या वाडीला वाढीव दराने साधारण 5,000 रुपये मिळतात. जुन्या दराने मिळाले असते 1,800. झाडागणिक भरपाई द्या, ही मागणी त्यातूनच पुढे आली, आणि ‘तौक्ते’नंतर नारळाला 250 व सुपारीला 50 रुपये असा झाडाचा दर लागला. म्हणजे शंभर पोफळी आडव्या झाल्या तर पुन्हा 5,000 रुपयेच. पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, नारळाला साधारण तितकीच किंवा थोडी जास्त. एक हंगाम बुडालेल्या भातशेतीसाठी घडवलेली मोजपट्टी सात वर्षांचे उत्पन्न गमावलेल्या वाडीला लावली, तर दर कितीही वाढवला तरी हिशेब जुळणार कसा?

आणि तरीही वाडीचा मालक नशीबवानच म्हणायचा, कारण त्याचे नाव कुठल्या तरी कागदावर असते. झाडावर चढून नारळ-सुपारी उतरवणारा पाडेली, सुपारी सोलायला येणाऱ्या बाया, वाडीत रोजाने राबणारी आदिवासी कुटुंबे यांचा पंचनामा होत नाही, कारण त्यांचे ‘काही पडलेले’ नसते. वाडी गेली की त्यांचा पुढच्या सात वर्षांचा रोजगार गेला, हे कोणत्याच तक्त्यात बसत नाही. बंदरावर हाच प्रकार दिसतो. त्याच केंद्रीय निकषांत पूर्ण नष्ट झालेल्या नौकेला 9,600 आणि पूर्ण नष्ट झालेल्या जाळ्याला 2,600 रुपये होते. लाखो रुपयांच्या नौकेपुढे ही रक्कम हास्यास्पद आहे, हे मालक बोलून दाखवतो आणि वर्तमानपत्रे छापतात. पण त्या नौकेवरच्या खलाशाचे काय? तो वाट्यावर किंवा पगारावर जातो. नौका बसली की तो घरी बसतो. किनाऱ्यावर बोंबील सुकवणाऱ्या बाईची वलांडी, म्हणजे मासळी टांगायची मांडणी, मोडली, सुकत घातलेली मासळी वाहून गेली, व्याजाने उचललेले भांडवल बुडाले, तर तिच्याकडे ना परवाना, ना नोंदणी, ना पावती. कितीतरी कोळीवाड्यांत राहत्या घराखालच्या जमिनीचाच कागद नसतो, म्हणून घरपडीच्या मदतीतही अडचण येते. आपली मदतव्यवस्था मालमत्तेचे नुकसान मोजते. ज्याच्याकडे मालमत्ता कमी त्याचे नुकसान तिला कमी वाटते, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याचे नुकसान तिच्या लेखी झालेलेच नसते.

आता पैसा येतो कुठून ते पाहू. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी 75 टक्के वाटा केंद्राचा आणि 25 टक्के राज्याचा असतो. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी सर्व राज्यांना मिळून 1,60,153 कोटी रुपये ठरवले आणि एक महत्त्वाची सुधारणा केली: त्यातले 80 टक्के प्रतिसादासाठी आणि 20 टक्के सौम्यीकरणासाठी, म्हणजे आपत्ती येण्याआधीच तिची धार कमी करण्यासाठी, असे वेगळे काढले. याआधी असा स्वतंत्र खिसाच नव्हता, त्यामुळे आयोगाचे हे पाऊल मी मोठे मानतो. पण 20 टक्के म्हणजे सुमारे 32,000 कोटी. तेही देशातील सर्व राज्यांच्या पूर, दरड, भूकंप, वादळ अशा सर्व आपत्तींसाठी, पाच वर्षांत. पालघर जिल्ह्यातील वाढवण येथे जून 2024 मध्ये मंजूर झालेल्या एका बंदराचा अंदाजित खर्च 76,220 कोटी रुपये आहे. बंदर ही परतावा देणारी गुंतवणूक आहे आणि सौम्यीकरण हा अनुदानाचा खर्च आहे, त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवणे पूर्ण न्याय्य नाही, हे मला मान्य आहे. तरीही किनाऱ्यावर पैसा येत नाही, हे म्हणणे त्यातून खोटे ठरते. किनाऱ्यावर पैसा भरपूर येतो आहे. तो किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या रक्षणासाठी येत नाही, एवढेच.

माझ्या म्हणण्याला पहिला आक्षेप भूतदयेचा आहे आणि तो मला सर्वांत जड वाटतो. छप्पर उडालेल्या माणसाला आधी पत्रे आणि तांदूळ द्यायचे की दहा वर्षांनंतरच्या वादळाची योजना सांगायची? सौम्यीकरणाच्या नावाखाली मदतीला कात्री लावणारे सरकार मला नको आहे. म्हणूनच दोन्ही खर्च एकाच थैलीतून करायला माझा विरोध आहे. थैली एक असली की आजचा आक्रोश उद्याच्या तयारीला नेहमी हरवतो, आणि लोकशाहीत तसे होणे स्वाभाविकही आहे. वादळानंतर वाटलेला धनादेश छायाचित्रात दिसतो. न पडलेला विजेचा खांब कोणाला दिसत नाही.

ओडिशाचा अनुभव इथे उपयोगी पडतो, पण तो आपल्याकडे अर्धाच सांगितला जातो. ऑक्टोबर 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. त्याच वर्षी त्या राज्याने आपत्तीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापले, किनाऱ्यालगत शेकडो बहुउद्देशीय निवारे बांधले, आणि निवाऱ्यांच्या देखभालीसाठी गावातल्याच समित्या उभ्या केल्या. 2013 च्या ‘फायलिन’ वादळाच्या वेळी आठ-दहा लाख माणसे आधीच हलवली गेली. 2019 च्या ‘फानी’च्या वेळी सुमारे बारा लाख. ‘फानी’त ओडिशात 64 मृत्यू झाले. दहा हजारांवरून चौसष्टवर येणे ही या देशाच्या प्रशासनाच्या इतिहासातील अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट आहे. पण त्याच ‘फानी’नंतर पुरी परिसरातील अनेक वस्त्या कित्येक आठवडे अंधारात होत्या, नारळी आणि पानमळे भुईसपाट झाले होते. माणूस वाचला, त्याचे पोट वाचले नाही. आपल्याकडे ‘निसर्ग’ आणि ‘तौक्ते’त जमिनीवरचे मृत्यू कमी झाले आणि त्यामुळे राज्यकर्त्यांची समजूत झाली की कोकणाने निभावून नेले. कोकणी माणूस स्वाभिमानी आहे, तो हात पसरत नाही, हे कौतुक अशा वेळी फार ऐकू येते. ज्याला कौतुकाने गप्प करता येते त्याच्या मागणीचा दस्तऐवज होत नाही, म्हणून हे कौतुक मला खुपते.

दुसरा आक्षेप असा की, सौम्यीकरणावर खर्च होतोच आहे. हे खरे आहे. जागतिक बँकेच्या कर्जावर चाललेल्या राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम सौम्यीकरण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात 2015 पासून महाराष्ट्र आणि गोवाही होते. अलिबाग, रत्नागिरी अशा निवडक ठिकाणी भूमिगत वीजवाहिन्यांची कामे त्यातूनच आली. 2021 नंतर राज्याने कोकणासाठी सुमारे 3,200 कोटी रुपयांचा आपत्ती सौम्यीकरणाचा कार्यक्रम जाहीर केला. ‘हरित हवामान निधी’ या आंतरराष्ट्रीय निधीच्या साहाय्याने किनारी जिल्ह्यांत खेकडापालन, कांदळवन संवर्धन अशी कामे झाली. या प्रत्येक कामाचे मोल आहे. पण प्रकल्पाला मुदत असते, आणि समुद्राला नसते. भूमिगत वाहिनी आधी जिल्ह्याच्या गावी जाते, कारण तिथे ग्राहक जास्त आणि खर्चाचे गणित सोपे. वाडीवस्तीवर खांब तेच राहतात. ‘निसर्ग’नंतर सर्वांत शेवटी वीज कुठे आली, हे म्हसळा, श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या आतल्या गावांना विचारावे. कर्जाचे हप्ते मात्र सगळेच फेडतात.

आणि सौम्यीकरण म्हणून जे सर्वांत जास्त मागितले जाते आणि बांधले जाते ते म्हणजे धूपप्रतिबंधक बंधारे. दगडांची ही भिंत लोकच मागतात, ठेकेदार आणि पुढारी तिचा फायदा उठवतात हे खरे असले तरी मागणी खोटी नसते. ज्याच्या परसातले माड दर पावसाळ्यात एकेक करून समुद्रात जातात, त्याला वाळूच्या वहनाचे शास्त्र ऐकवण्यात अर्थ नाही. तरीही सांगायलाच हवे की एका गावापुढे दगड टाकले की लाटांचा मारा शेजारच्या गावाच्या वाळूवर जातो. पुढच्या निवडणुकीला ते गाव भिंत मागते. त्या भिंतीमागे नौका ओढायला पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, उरत नाही आणि मासळी सुकवायला जागा उरत नाही. बागायतदाराची कुंपणभिंत वाचते आणि तिची किंमत मासळीवाली मोजते. कोणता उपाय कोणाला वाचवतो आणि कोणाच्या अंगावर ढकलतो, हा प्रश्न अभियंत्याच्या अंदाजपत्रकात कुठे विचारला जातो?

किनाऱ्याच्या रक्षणाचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न कोकणाला नवा नाही, आणि आपल्या चर्चेत त्याचा जुना इतिहास कधीच येत नाही याचे मला आश्चर्य वाटते. जुन्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात खाडीचे पाणी अडवून जी खारजमीन लागवडीखाली आली, तिच्यावर शिलोत्री नावाची पद्धत होती. बाहेरचा बांध शाबूत ठेवण्याची जबाबदारी शिलोत्रीदाराची. त्याबद्दल कसणाऱ्यांनी बिघ्यामागे एक मण भात त्याला द्यायचे. त्याला ‘शिलोत्री मण’ म्हणत. अलिबाग-पेणच्या बाजूला शेतकऱ्यांनी एकत्र येऊन श्रमाने बांध दुरुस्त करायची ‘जोळ’ची रीत होती. गोव्यातील खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीत, बांधाला ‘मानस’ नावाची झडप असते. तिथल्या मासेमारीच्या हक्काचा लिलाव करायचा आणि बांधाची देखभाल करायची, अशी व्यवस्था होती. या पद्धतींना मी सुवर्णयुग मानत नाही. शिलोत्री ही जमीनदारी होती आणि तिचा भार कसणाऱ्यावर होता. खाजनात लिलाव घेणाऱ्याचा ओढा मासळीकडे वाढला तेव्हा खारे पाणी आत घेतले जाऊ लागले आणि भात मेले. परंतु त्यांच्या मुळाशी एक पक्की समज होती: बांध फुटल्यावर वर्गणी काढायची नसते. तो दर वर्षी राखायचा असतो, त्यासाठी दर वर्षी ठरलेले धान्य बाजूला निघाले पाहिजे, आणि ते देणारा व घेणारा दोघेही एकमेकांना ओळखत असले पाहिजेत. कुळकायद्यानंतर जमीन कसणाऱ्याची झाली, ते योग्यच झाले. 1979 च्या खारभूमी विकास कायद्याने बांधांची जबाबदारी सरकारी खात्याकडे गेली, त्यामागचा हेतूही चांगला होता. मात्र मण भरण्याची व्यवस्था मोडली आणि तिच्या जागी दुसरी आली नाही. आज उधाणाने बांध फुटतो, खारे पाणी शेतात शिरते, दोन-तीन वर्षे भात होत नाही आणि दुरुस्तीचा प्रस्ताव कार्यालयांतून फिरत राहतो.

मग नवा मण कोणी भरायचा? याचे उत्तर महाराष्ट्राने एकदा दिलेले आहे. 1972 च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. तिची थोरवी सांगताना आपण ‘मागेल त्याला काम’ हे शब्द आठवतो, पण तिच्यासाठी पैसा कसा उभा केला ते विसरतो. 1975 मध्ये व्यवसाय कर लागला. मुंबई-पुण्यातल्या पगारदाराच्या वेतनातून दरमहा कापली जाणारी ती छोटी रक्कम माण-खटावच्या, बीड-उस्मानाबादच्या मजुराच्या हाताला काम देण्यासाठी होती. कायद्याने वेगळा निधी केला, इतर काही अधिभारही त्यात जोडले आणि जमा रकमेइतकाच वाटा राज्याने स्वतःचा घालायचा, असे ठरवले. शहराने गावासाठी कर भरावा, हे त्या काळच्या विधिमंडळाने उघडपणे मान्य केले. त्या करामुळे मुंबईतले उद्योग पळून गेले का? कार्यालये ओस पडली का? आजही फेब्रुवारीत तीनशे आणि इतर महिन्यांत दोनशे रुपये कापले जातात. कशासाठी, हे कापून घेणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, ही गोष्ट निराळी. त्या निधीत पुढे जमा झालेली सगळी रक्कम योजनेवर खर्च होत नव्हती, हा आक्षेपही खरा होता, आणि नवा कायदा करताना तो धडा समोर ठेवला पाहिजे.

किनाऱ्यासाठी असा मण बंदरांनी, जेट्टींनी, किनाऱ्यावरच्या वीज आणि रसायन प्रकल्पांनी, समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या पर्यटन संकुलांनी भरावा. त्यांचा संबंध दुरून जोडलेला नाही. भराव, खोलीकरण, धक्के यांमुळे प्रवाह आणि वाळू यांची चाल बदलते, मासेमारीच्या जागा आक्रसतात; आणि किनारा सुरक्षित राहिला तर सर्वांत महाग मालमत्ता त्यांचीच वाचते. याला कायद्याचा दाखलाही आहे. खाण कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीने खाणमालकांना स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) ठरावीक हिस्सा जिल्हा खनिज प्रतिष्ठानला द्यावा लागतो आणि तो खाणबाधित भागावर खर्चायचा असतो. खाणीला जे लागू, ते बंदराला का नको? नमुन्यादाखल हिशेब करू. न्हावा-शेवा बंदरातून वर्षाला वीस फुटी मापाचे साठ लाखांहून अधिक कंटेनर जातात. एका कंटेनरमागे केवळ शंभर रुपये धरले तरी वर्षाला साठ कोटी होतात. ते बंदर केंद्राच्या अखत्यारीत असल्याने राज्याला तिथे एकट्याने काही लावता येणार नाही, केंद्राची संमती घ्यावी लागेल. पण राज्याच्या सागरी मंडळाखालील बंदरांपासून सुरुवात करायला कोणी अडवलेले नाही. उद्योग शेजारच्या राज्यात जातील, ही भीती कंटेनरमागे शंभर रुपयांनी खरी होत असेल तर त्या उद्योगाचा पाया मुळातच ठिसूळ म्हणावा लागेल. केरळने 2018 च्या पुरानंतर दोन वर्षे बहुतेक वस्तू आणि सेवांच्या विक्रीवर एक टक्का पूर उपकर घेतला. त्यातून पैसा उभा राहिला, पण तो सर्व ग्राहकांकडून सारखाच गेला आणि दोन वर्षांनी थांबला. मला या दोन्ही गोष्टी टाळायच्या आहेत.

‘हे केंद्राने करावे’, असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही. केंद्राने अधिक द्यावे, कर्जाऐवजी अनुदान द्यावे, आणि निधीवाटपात मागील खर्चापेक्षा आजच्या धोक्याला जास्त वजन द्यावे. परंतु जगाच्या व्यासपीठावर भारत जी भूमिका घेतो तिच्याशी आपण घरात तरी प्रामाणिक राहायला नको का? ज्यांनी धूर ओकून समृद्धी मिळवली त्यांनी समुद्र चढल्याची किंमत द्यावी आणि ती कर्ज म्हणून देऊ नये, हे आपण विकसित देशांना सांगतो. 2022 मध्ये शर्म अल-शेख येथील जागतिक हवामान परिषदेत हानी आणि नुकसानीसाठी निधी स्थापायचे ठरले ते गरीब देशांच्या याच आग्रहामुळे. मग मुंबईची वीज, मुंबईची आयात-निर्यात, मुंबईकरांचे शनिवार-रविवार ज्या किनाऱ्यावर उभे आहेत, त्या किनाऱ्यावरच्या पाडेलीला आणि मासळीवालीला मुंबईने काय द्यायचे, हा प्रश्न त्याच न्यायाने आपल्या दाराशी येतो.

धोक्याच्या जागी राहणाऱ्यांना पैसे देऊन तिथेच का ठेवायचे, त्यांना आत हलवा, असे म्हणणाराही एक वर्ग आहे. काही ठिकाणी हलवावेच लागेल. समुद्र जिथे घराच्या चौथऱ्यापर्यंत आला आहे तिथे भावनेला फार जागा नाही. पण ओडिशातल्या सातभायाचे उदाहरण पाहा. समुद्राने गिळत आणलेल्या त्या गावांतील कुटुंबांना बागपाटिया येथे वसवले गेले. घराला सुरक्षित जागा मिळाली, शेत आणि समुद्र मात्र मागे राहिले, आणि तरुणांनी मजुरीसाठी दूरच्या राज्यांची वाट धरली. पुनर्वसन म्हणजे घर हलवणे एवढेच धरले तर ते स्वस्त वाटते. उपजीविका हलवायची तर तिचा खर्च कितीतरी पट होतो, आणि तो खर्च उचलण्याची तयारी नसलेल्याने ‘हलवा’ हा शब्द उच्चारू नये. शिवाय हा सल्ला कोळीवाड्यालाच मिळतो, त्याच पुळणीवर पक्क्या बांधकामाची परवानगी मागणाऱ्या हॉटेलला मिळत नाही.

विम्याबद्दल थोडक्यात सांगतो. वाऱ्याचा वेग किंवा पावसाचे प्रमाण ठरलेल्या पातळीपलीकडे गेले की पंचनाम्याशिवाय पैसे मिळावेत, ही कल्पना चांगली आहे. 2004 च्या ‘इव्हान’ वादळाने ग्रेनाडाची अर्थव्यवस्था मोडल्यावर कॅरिबियन देशांनी 2007 मध्ये मिळून असा सामाईक विमा उभारला. तिथे दोन आठवड्यांत पैसे सरकारच्या हाती पडतात. आपल्याकडे आंबा-काजूच्या हवामान आधारित फळपीक विम्याने कोकणी बागायतदाराला या कल्पनेची ओळख झाली आहे आणि हवामान केंद्र बागेपासून दूर असले की काय होते, याचा अनुभवही आला आहे. विमा निधीने घ्यावा, माणसाने नव्हे. हप्ता मासळीवालीच्या माथी मारला तर तो तिच्यासाठी आणखी एक कर्ज ठरेल.

उरतो तो सर्वांत व्यवहारी आक्षेप: निधी उभा केला तरी तो खाल्ला जाणार नाही कशावरून? जिल्हा खनिज प्रतिष्ठानांचा पैसा खाणबाधितांऐवजी इमारती आणि रस्त्यांकडे वळल्याच्या तक्रारी आपण ऐकल्या आहेत. त्यामुळे माझा आग्रह कायद्याच्या मजकुराबद्दल आहे. निधीचा निश्चित हिस्सा ग्रामसभेच्या ठरावानेच खर्च व्हावा, आणि त्या ठरावात मासळी विकणाऱ्या, सुकवणाऱ्या बायका, खलाशी, भूमिहीन कुटुंबे यांची नावनिशीवार नोंद आधी झालेली असावी, म्हणजे वादळानंतर त्यांना आपले नुकसान सिद्ध करत बसावे लागणार नाही. रोजगार हमीचे जॉबकार्ड दुष्काळ पडण्याआधी हातात असते; तसे किनाऱ्यावरच्या श्रमिकाचे कार्ड वादळाआधी का नसावे? बुडालेल्या रोजाला भरपाई हा हक्क मानला, तर पाडेलीला तलाठ्याची वाट पाहावी लागणार नाही. कोणत्या गावात आधी वाहिनी जमिनीखाली जाईल, कोणता बांध आधी दुरुस्त होईल, याचा क्रम धोका आणि गरिबी या दोन कसोट्यांवर ठरून फलकावर लागावा. गावातही गट असतात, दादागिरी असते, हे मला माहीत आहे. पण गावातल्या लबाडीला गावात उत्तर देणारा कोणी तरी असतो. मंत्रालयातल्या लबाडीचा गावाला पत्ताच लागत नाही.

आत्याने 2020 च्या पावसाळ्यात वाडीत पुन्हा पोफळीची रोपे लावली. मिळालेल्या मदतीपेक्षा आडवी झाडे कापून वाहून नेण्याचा खर्च जास्त आला होता, म्हणून रोपांसाठी तिने हातातल्या दोन बांगड्या मोडल्या. सुपारी सोलायला येणाऱ्या दोघी बहिणी पनवेलकडे घरकामाला गेल्या, त्या परतल्या नाहीत. रोपे आता माणसाच्या कितीतरी वर गेली आहेत, त्यांना फळ धरायचे दिवस आले आहेत. त्या वाडीवरून जाणारी विजेची तार अजून त्याच खांबांवर आहे. ‘निसर्ग’मध्ये वाकलेला एक खांब ताण देऊन तेवढा सरळ केलेला आहे.